शिस्तीला मायेची जोड देणारे संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा तरुणांचे पिता व गुरू संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. आपल्या भंडारा जिल्ह्यात भल्या पहाटे सैन्य व पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारे तरुण आपण पाहतो. त्यांच्या जिद्दीचे आम्हांला कौतुक वाटते. मात्र त्यांच्याच वयाची काही मुले शाळा सोडून, वाईट संगतीला लागून वाट चुकत असतात. धानाची कापणी आटोपल्यावर आईवडील कामासाठी परगावी गेले की, अशा मुलांकडे पाहणारे कोणी उरत नाही. मग सैनिकी शिस्तीत ठेवल्याशिवाय हा मुलगा सुधारणार नाही, असे हताश पालकांना वाटू लागते.

अमेरिकेत १९९३ पासून नॅशनल गार्ड ह्या दलाच्या वतीने शाळा सुटलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी सुमारे साडेपाच महिन्यांचे विनामूल्य निवासी शिक्षण चालविले जाते. तेथे गणवेश, कवायत व कडक दिनक्रम असतो. आणि मूल घरी परतल्यावर पुढे वर्षभर एक प्रौढ मार्गदर्शक त्याची विचारपूस करीत राहतो. शिस्त किती आणि माया किती, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. संत जॉन बॉस्को यांनी आपले अवघे आयुष्य वेचून त्याचे उत्तर दिले.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील वारले. आई मार्गारिटा यांनी कष्ट करून मुलांना वाढविले. नवव्या वर्षी जॉन यांना एक स्वप्न पडले. त्यात काही मुले भांडत होती, शिव्या देत होती आणि जॉन त्यांना ठोसे मारून गप्प करू पाहत होते. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यांना सांगितले की, ही मुले माराने नव्हे, तर सौम्यतेने व प्रेमाने जिंकावी लागतील. हे स्वप्न त्यांना जन्मभर पुरले.

सावत्र भावाचा शिक्षणाला विरोध असल्याने जॉन यांना बाराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले. पुढे हॉटेलात व शिंप्याकडे मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. ५ जून १८४१ रोजी तुरीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी तुरीन शहरात खेड्यापाड्यांतून मुलांचे लोंढे येत होते. बांधकामावर विटा वाहायच्या, रात्री जागा मिळेल तेथे झोपायचे, असे त्यांचे जिणे होते. संत जोसेफ कफास्सो या धर्मगुरूंनी डॉन बॉस्को यांना तेथील तुरुंगांत नेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले गजांआड पाहून त्यांचे अंतःकरण पिळवटून निघाले. त्यातील कित्येक मुले सुटून जात आणि पुन्हा तेथेच येत, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणीही नव्हते. येथेच डॉन बॉस्को यांना आपले कार्य उमगले. मूल तुरुंगात पोहोचण्यापूर्वीच त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, असे त्यांनी ठरविले.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, चर्चमधील एका सेवकाने एका अनाथ मुलाला काठीने हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला प्रेमाने परत बोलावले. बार्थोलोम्यू गारेल्ली या सोळा वर्षांच्या गवंडीकाम करणाऱ्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते आणि लहान मुलांत बसून धर्मशिक्षण घ्यायची त्याला लाज वाटत होती. डॉन बॉस्को यांनी त्याला शिटी वाजवता येते का, असे विचारले आणि तो हसला. नमो मरिया प्रार्थनेने त्याच्या धर्मशिक्षणास सुरुवात झाली.

हळूहळू मुलांची संख्या वाढत गेली. त्यांचा गोंगाट कोणालाच नको होता, म्हणून त्यांना जागेमागून जागा सोडावी लागली. अखेर १८४६ च्या पुनरुत्थान सणाला वाल्दोक्को या वस्तीत एक पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आई मार्गारिटा म्हातारपणी आपले घर सोडून मुलाच्या मदतीला आल्या. सुरुवातीला निवारा दिलेल्या काही मुलांनी पांघरुणेच चोरून नेली. तरीही १८४७ मध्ये पावसात भिजत आलेल्या एका अनाथ मुलाला त्या मायलेकांनी घरात घेतले आणि त्यांच्या विनामूल्य वसतिगृहाचा प्रारंभ झाला.

१८४८ मध्ये युद्ध पेटले आणि मुलांना सैनिकांचे वेड लागले. डॉन बॉस्को यांनी ते दडपले नाही. ब्रोसिओ नावाच्या एका माजी सैनिकाने लाकडी बंदुका व बिगुल घेऊन मुलांना कवायत शिकविली. एके दिवशी खोट्या लढाईच्या जोशात मुलांनी आई मार्गारिटा यांची भाजीची बाग पार तुडवून टाकली! पुढे एकदा अशाच त्रासाला कंटाळून त्या गावी परत जाण्यास निघाल्या, तेव्हा डॉन बॉस्को यांनी काही न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविले. त्या माऊलीने पदर खोचला आणि १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मुलांतच राहिल्या.

केवळ खेळ व प्रार्थना पुरेशी नाही, हातात कसब हवे, हे डॉन बॉस्को जाणून होते. १८५३ पासून त्यांनी चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाईचे वर्ग सुरू केले. बाहेर काम शिकणाऱ्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. मुलाला मारू नये व रविवारी सुट्टी द्यावी, अशा अटी त्यांत असत.

१८५७ मध्ये कार्मान्योला रेल्वे स्थानकावर त्यांना मायकल मागोने भेटला. वडील नसलेला हा मुलगा उनाड पोरांच्या टोळीचा सेनापती म्हणून मिरवत असे. वाल्दोक्को येथे आल्यावर खेळात तो सर्वांच्या पुढे असे, पण काही दिवसांनी उदास दिसू लागला. डॉन बॉस्को यांनी त्याला रागावून विचारले नाही, धीराने त्याचे मन मोकळे केले. प्रायश्चित्त संस्कार घेतल्यावर त्याचे जीवन पालटले. १८५९ मध्ये तो आजारपणात वारला आणि डॉन बॉस्को यांनी स्वतः त्याचे चरित्र लिहिले.

१८५५ मधील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. तुरीनजवळच्या बालसुधारगृहातील तीनशेहून अधिक मुलांना डॉन बॉस्को यांनी पहारेकऱ्यांविना दिवसभराच्या सहलीला नेले. मंत्र्यांनाही शंका होती, परंतु संध्याकाळी सर्व मुले परत आली. पहाऱ्याने जे साधत नव्हते, ते विश्वासाने साधले.

ह्या अनुभवांतून त्यांची प्रतिबंधक शिक्षणपद्धती आकारास आली. विवेक, धर्म व प्रेमळपणा हे तिचे तीन आधार होत. चूक होण्याची वाट पाहून शिक्षा करण्यापेक्षा मुलांच्या सतत सोबत राहावे, म्हणजे चूक करण्याची वेळच येत नाही, असा तिचा आशय आहे. त्यांच्या घरी वेळापत्रक, नियम व कामे होती. परंतु मुलावर आपले प्रेम आहे हे त्या मुलालाही जाणवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संघाची आणि १८७२ मध्ये संत मरिया मात्सारेल्लो यांच्यासह धर्मभगिनींच्या संघाची स्थापना केली. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते प्रभूघरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान सणाच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे अनुयायी १९०६ मध्ये भारतात व १९२८ मध्ये मुंबईत आले. मुंबईतील वडाळा येथे रस्त्यावरील मुलांसाठी १९८७ मध्ये त्यांनी निवाराकेंद्र सुरू केले.

आपल्या धर्मग्रामांतही चर्चच्या दारापर्यंत येऊन संकोचाने परत फिरणारी मुले असतात. त्यांना काठी दाखविणारे पुष्कळ भेटतात. कवायतीने पाठ ताठ होते, पहाटे उठण्याची सवय लागते आणि ह्या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु मुलाच्या नावाने हाक मारणारा, त्याची चोरी सोसूनही दार उघडे ठेवणारा माणूस त्याला हवा असतो. ह्या वर्षीच्या सणाला प्रत्येक कुटुंबाने अशा एका तरी मुलाची विचारपूस करावी, अशी आम्ही नम्र विनंती करतो. संत जॉन बॉस्को आपल्या मुलांसाठी प्रभूपाशी विनंती करोत.