कविवर्य नारायण वामन टिळक : देह, मन व आत्मा यांचा शोध

विद्यार्थिमित्रहो, ज्या गोदावरीच्या कांठीं आपलें सायखेडा गांव वसलें आहे, ती नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिक क्षेत्रावरून आपणांकडे येते. तिच्या उगमापाशीं प्राचीन काळापासून एक प्रश्न विचारला जात आहे. मी कोण? हा हातापायांचा देह म्हणजे मी, कीं सुखदुःख भोगणारें मन म्हणजे मी, कीं ह्या दोहोंच्या पलीकडे असणारा आत्मा म्हणजे मी? ब्रह्मगिरीच्या गुहेंत गहिनीनाथांनीं निवृत्तिनाथांस ह्या गूढ विद्येचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. निवृत्तिनाथांनीं ती विद्या आपले धाकटे बंधु ज्ञानदेव यांस दिली. आणि जें ज्ञान तोंवर गुरूनें शिष्याच्या कानांत सांगावयाचें, तें ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, नेवासें येथें मराठी भाषेंत सर्वांकरितां खुलें केलें.

त्यानंतर सहाशें वर्षांनीं ह्याच नदीच्या परिसरांत वाढलेल्या एका पुरुषानें हाच प्रश्न आपल्या आयुष्यास विचारला. ते पुरुष म्हणजे फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले नारायण वामन टिळक. त्यांच्या कविता आपण पाठ म्हणतों. परंतु त्या कवितांच्या मागें केवढी धडपड होती, ती आज आपण थोडक्यांत पाहूं.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. त्यांची आई जानकीबाई ही कोमल मनाची व भक्तिमान स्त्री होती. वडिलांचा स्वभाव मात्र कडक होता. आईचें छत्र लहानपणींच नाहींसें झालें आणि त्याबरोबर घराचा ओढाही तुटला. घर सोडून ते विद्येच्या शोधार्थ निघाले. गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांनीं संस्कृत काव्याचें अध्ययन केलें आणि पुढें नाशिक येथें राहून इंग्रजी शाळेंत सुमारें दोन वर्षें काढलीं. परीक्षा देण्यापूर्वींच शाळा सुटली व पोटासाठीं नोकरी धरावी लागली.

त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर गांवच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशीं झाला. तीच पुढें प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळीं तिचें वय अवघें अकरा वर्षांचें होतें. तिच्या माहेरची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण आपल्या विषयाशीं तिचा निकट संबंध आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचें विलक्षण वेड होतें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा कडक नियम. विटाळाच्या भयानें घरांतील मुलेंमाणसें सदा दबून असत. देह शुद्ध राखणें ही गोष्ट वाईट नव्हे. परंतु देह कितीही धुतला तरी मनांतील भय धुतलें जात नाहीं, उलट तें वाढतच जातें, हें त्या घरानें दाखवून दिलें. मनुष्य म्हणजे केवळ देह, असें धरून चालल्यास आत्मा तर दूरच राहिला, मनाचीही शांति नष्ट होते.

टिळकांची वाट ह्याच्या अगदीं उलट होती. त्यांना देहाची पर्वाच नव्हती. शिक्षक, पुराणिक, छापखान्यांतील खिळे जुळविणारा, अशीं नाना कामें त्यांनीं केलीं. पण एका गांवीं पाय ठरला नाहीं. मनांत लहर आली कीं उठून चालूं लागावें, मागें बायकोमुलांचें काय होईल याचा विचार नाहीं. मनाच्या हातीं सर्व सत्ता दिली म्हणजे देह कसा फरपटत जातो, हें त्यांच्या ह्या काळांतील भ्रमंतीवरून दिसतें.

१८९१ मध्यें ते नागपुरास आले. तेथें आप्पासाहेब बुटी यांजपाशीं वैदिक ग्रंथांचा मोठा संग्रह होता आणि टिळकांस त्या ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें. त्यांच्या बुद्धीस येथें भरपूर खाद्य लाभलें. ग्रंथ चाळतां चाळतां ते प्रत्येक मताची परीक्षा करूं लागले. ईश्वर सर्वांचा पिता असेल, तर त्याचीं लेकरें उच्चनीच कशीं, ही शंका त्यांस स्वस्थ बसूं देईना. प्रचलित धर्मांतून समाधान होत नाहीं असें पाहून आपणच एक नवा धर्म रचावा, इतक्यापर्यंत त्यांचे विचार गेले होते. परंतु बुद्धीनें रचलेला धर्म बुद्धीच्याच उंचीचा असतो. त्याला मनुष्यानें नमस्कार कसा करावा? टिळकांच्या मनाची ही कोंडी होती.

१८९३ मध्यें नोकरीच्या शोधांत ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे एक मिशनरी होते. दोघांचें प्रथम काव्याविषयीं व मग धर्माविषयीं बोलणें झालें. निरोप घेतांना वॉर्डसाहेबांनीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. टिळकांस त्या वेळीं तें खरें वाटलें नाहीं. परंतु वाचण्याचें वचन दिलें होतें, म्हणून ते वाचूं लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं ते येऊन पोंचले आणि तेथून त्यांना पुस्तक खालीं ठेववेना. शत्रूवर प्रीति करावी, गुप्तपणें दान द्यावें, आधीं अंतःकरण शुद्ध करावें, ह्या शिकवणींत त्यांच्या शंकांस उत्तर मिळालें. येथें केवळ मत सांगितलेलें नव्हतें. तसें जगलेला एक पुरुष त्यांच्यासमोर उभा होता. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू आम्ही झांकून ठेवणार नाहीं. टिळकांस शांति लाभली, परंतु तिची किंमत लक्ष्मीबाईंनीं मोजली. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरीं लहान मूल, भोंवतीं लोकापवाद, अशा स्थितींत त्या माउलीनें सुमारें पांच वर्षें नातलगांच्या आश्रयानें काढलीं. आत्मज्ञानाच्या शोधांत निघालेल्या पुष्कळ पुरुषांनीं आपल्या मागें रडणारें घर ठेविलें आहे, आणि चरित्रकार बहुधा त्या घराकडे पाहात नाहींत. आमच्या मतें खरी परीक्षा तेथेंच आहे. ज्यास आपला आत्मा सांपडला, त्यास दुसऱ्याच्याही आत्म्याचें मोल कळलें पाहिजे.

टिळक ह्या परीक्षेस कसे उतरले? त्यांचा जात्या उतावळा स्वभाव पाहतां, त्यांनीं पत्नीवर बळजबरी केली असती तर नवल वाटलें नसतें. परंतु त्यांनीं ती केली नाहीं. पत्रें लिहिलीं, भेटी घेतल्या, पुढें दोघें एकत्र राहूं लागलीं तेव्हां तिचें सोवळें तिला पाळूं दिलें, आणि वाट पाहिली. जातिभेद ईश्वरानें केलेला नसून मनुष्यानें केलेला आहे, हें लक्ष्मीबाईंस कोणाच्या उपदेशानें नव्हे, तर स्वतःच्याच विचारानें पटलें. मग १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. जलालपूरच्या सोवळ्यांत वाढलेली ही बाई पुढें ‘स्मृतिचित्रें’ लिहून मराठी वाङ्मयांत अमर झाली. नवऱ्याचे गुण व दोष तिनें त्यांत सारख्याच मोकळेपणानें, हंसत हंसत सांगितले आहेत. ज्या मनावर सक्ती झालेली नाहीं, तेंच मन असें हंसूं शकतें.

ह्यानंतरचीं टिळकांचीं वर्षें बहुतेक अहमदनगरास गेलीं. तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत ते शिकवीत. १९०४ मध्यें त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. हातांत आलेला पैसा घरीं पोंचण्यापूर्वींच कोणा गरजूच्या हातीं पडे. खानदेशचे तरुण कवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवि, यांस त्यांनीं आपल्या घरीं पुत्राप्रमाणें वागविलें. तुकारामबोवांचें ऋण त्यांनीं कधीं नाकारलें नाहीं. तुकोबांच्या अभंगांनींच आपणांस ख्रिस्तापर्यंत आणून पोंचविलें, असें ते मानीत. म्हणून त्यांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंग, भजन व कीर्तन यांतून गाइली. त्यांचीं गीतें मराठी मंडळ्यांत आजही गाइलीं जातात. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य त्यांनीं आरंभिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें व १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें.

१९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगाराची नोकरी सोडली व साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा होती. हा एक प्रकारचा संन्यासच होता. परंतु तरुणपणीं घर टाकून भटकणारे टिळक आणि हे संन्यासी टिळक यांत मोठें अंतर आहे. तेव्हां मन देहास ओढीत होतें. आतां देह व मन हीं दोन्ही एका स्वामीच्या सेवेस जुंपलीं होतीं. गुहा नाहीं, गुप्त मंत्र नाहीं. दार सर्वांस उघडें.

ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन करून रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. ख्रिस्ती लोकांत त्या काळीं प्रेत पुरण्याचीच रीत होती, त्यामुळें ही गोष्ट अनेकांस नवीन वाटली असेल. देह मातींत ठेवला काय अथवा अग्नीस दिला काय, ज्याच्या हातीं आत्मा सोंपविला त्याच्या हातून तो सुटत नाहीं, हा विश्वास ह्या इच्छेंतून आम्हांस दिसतो.

तर मग मी कोण, ह्या प्रश्नाचें ह्या चरित्रांतून काय उत्तर मिळतें? पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहितांना आत्मा, जीव व शरीर ह्या तिहींचीं नांवें एकत्र घेतलीं आहेत आणि तिन्हीं निर्दोष राखलीं जावीं, अशी प्रार्थना केली आहे. एकास मारून दुसऱ्यास तारावें, असें तो म्हणत नाहीं. सासऱ्यांनीं देहच सर्वस्व मानला. नागपूरच्या टिळकांनीं बुद्धीच सर्वस्व मानली. दोघांसही शांति मिळाली नाहीं. देहानें कष्ट करावेत, मनानें निर्भयपणें विचार करावा, आणि आत्म्यानें ह्या दोघांसही प्रीतीच्या कामीं लावावें, तेव्हां मनुष्य पुरा होतो.

पालकवर्गास आमची एक विनंती आहे. आपल्या शाळांत मुलांच्या देहासाठीं क्रीडांगण आहे, मनासाठीं वर्ग आहेत. परंतु आत्म्याची ओळख परीक्षेच्या गुणांनीं होत नाहीं, आणि सक्तीनें तर मुळींच होत नाहीं. घरांतील मोठ्या माणसांच्या वागणुकींतून मुलें ती हळूहळू करून घेतात. मुलांचे प्रश्न दडपूं नका. टिळकांनीं लक्ष्मीबाईंची पाहिली तशी त्यांची वाट पाहा.

विद्यार्थिमित्रहो, तुमचीं शरीरें बळकट होवोत, मनें मोकळीं राहोत, आणि मी कोण ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना शेजाऱ्याचें दुःख तुमच्या दृष्टीआड न होवो, एवढीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.