देहूचे तुकोबा आणि त्यांचे तीन डोंगर

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणावरून गेलेल्या वाचकांस तेथील आजची गर्दी ठाऊकच आहे. मोटारींचे कारखाने, मालाने भरलेले ट्रक, पाळी सुटली म्हणजे फाटकांतून बाहेर लोटणारे हजारो कामकरी. ह्याच गर्दीच्या पश्चिमेस भामचंद्राचा डोंगर उभा आहे. तेथून दक्षिणेस, इंदुरीच्या बाजूस, भंडारा आहे. आणि जुन्या मुंबई रस्त्यालगत, देहूरोडाजवळ, घोराडेश्वर आहे. तिन्हींच्या अंगी जुनी लेणी कोरलेली आहेत. तिन्ही बेताच्या उंचीचे असून चढण्यास कठीण नाहीत. सुमारे चारशे वर्षांपूर्वी दिवाळे निघालेला एक तरुण वाणी ह्या डोंगरांवर जाऊन बसत असे. त्यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो.

तुकोबांचा जन्म देहू येथे इंद्रायणीकाठी, बहुधा इ. स. १६०८ मध्ये, झाला असे मानितात. घराणे मोऱ्यांचे. घरी शेती होती, वाणीपणा होता, बाजाराची महाजनकी होती, आणि विश्वंभर नामक पूर्वजाने बांधलेले विठ्ठलाचे देऊळही होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी ह्याचे चित्त संसारात नव्हते, म्हणून दुकानाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर पडला. पहिली पत्नी रखमाई दम्याने आजारी असे. पुढे पुण्याच्या गुळवे सावकारांची कन्या जिजाई ही दुसरी पत्नी म्हणून घरी आली. आईबाप वारले. सावजीची बायको वारली व तो तीर्थयात्रेस निघून गेला. इतक्यात इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ दख्खनेवर आला. गुरे मेली, उधारी बुडाली, पत गेली. रखमाई अन्नावाचून मेली आणि संतू नावाचे लेकरूही गेले. तुकोबांचे वय तेव्हा विशीच्या थोडे पुढे होते.

ह्यानंतर ते भामचंद्राच्या डोंगरावर निघून गेले. घरचे लोक शोधीत राहिले. अखेर धाकटा भाऊ कान्होबा ह्याने त्यांस तेथे गाठले. चरित्रकार महिपती सांगतो की, दोघे भाऊ परत आल्यावर इंद्रायणीच्या काठी बसले व लोकांकडील येण्याचे सर्व खतपत्रांचे दप्तर त्यांनी मागविले. त्यातील अर्धी खते कान्होबास त्याच्या संसारासाठी दिली. आपल्या वाट्याची अर्धी तुकोबांनी डोहात टाकिली. कर्जाच्या कागदाखाली दबलेले घर कसे असते हे आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस सांगावयास नको. येथे मात्र कागद बुडविणारा ऋणको नव्हता, धनको होता, हे ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल की, डोंगर, रान व मोकळी हवा ही तर आम्हां शेतकऱ्यांच्या पाचवीलाच पुजलेली आहेत; उन्हात राबणाऱ्याने आणखी बाहेर फिरावयास कशास जावे? शंका रास्त आहे. तुकोबाही काही घरकोंबडे नव्हते. पाठीवर गोण्या लादलेले बैल हाकीत, घाट उतरून ते कोकणापर्यंत मिरच्या विकावयास गेल्याचे महिपतीने वर्णिले आहे. ज्या डोंगरांनी त्यांस पुढे विसावा दिला तेच त्यांनी व्यापारी असताना शेकडो वेळा पाहिले असतील; परंतु तेव्हा डोक्यात हिशेब होता, आणि हिशेब करणाऱ्यास वाटेवरचे झाड केवळ सावलीपुरते दिसते. भंडाऱ्यावर ते रिकाम्या हाताने जाऊ लागले. आमच्या मते फरक येथेच पडला.

त्यांचा क्रम असा सांगतात. सकाळी नदीवर स्नान, मग देवळातील पूजा, मग भंडारा. तेथे ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवत ह्यांचे वाचन व मनन दिवसभर चाले. सायंकाळी डोंगर उतरून देवळात कीर्तनास उभे राहावयाचे. पडके देऊळ त्यांनी स्वतः माती कालवून दुरुस्त केले होते. म्हणजे हा पळपुटेपणा नव्हता. रोज जाणे व रोज परत येणे होते. रानातील झाडे व पाखरे ह्यांस त्यांनी एका अभंगात आपले नातलग म्हटले आहे. ज्याचे खरे नातलग एकामागून एक मातीत गेले त्याच्या तोंडी हा शब्द आला, हे आठवून तो अभंग वाचला म्हणजे तो निराळाच वाटतो.

एका शेतकऱ्याने त्यांस जोंधळ्याचे शेत राखण्यास ठेविले तेव्हाची कथा प्रसिद्ध आहे. माळ्यावर बसून पाखरे हाकलावयाची. ह्यांनी ती सुखाने खाऊ दिली. पुढे पीक चमत्काराने वाढल्याचे सांगतात, तो भाग आम्ही बाजूस ठेवितो. रागावून पंचांकडे गेलेल्या त्या शेतकऱ्याची बाजू आम्हांस तरी खोटी वाटत नाही.

आणि जिजाईची बाजू? परंपरेने तिला कजाग ठरविले आहे. परंतु घरात दाणा नसता, पोरे रडत असता, भाकरी बांधून भर उन्हात भंडारा चढणारी तीच होती. एकदा तिच्या पायात मोठा काटा मोडल्याची आठवण लोक अद्याप सांगतात. नवरा डोंगरावर शांत बसे, त्या शांतीची किंमत पुष्कळदा खाली चुलीपाशी मोजली जाई. तुकोबांची थोरवी ह्याने उणी होत नाही. तथापि त्यांचे चरित्र सांगताना तिची चढण वगळणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

ही शांती काही चिलखत नव्हती. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आक्षेपावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तेरा दिवस अन्नपाणी सोडून ते नदीकाठच्या शिळेवर पडून राहिले. तेव्हाही ते उघड्यावरच होते. पुढे रामेश्वरभटच त्यांचे शिष्य झाले. चाकणचे संताजी तेली जगनाडे हे त्यांचे अभंग लिहून ठेवीत. इ. स. १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांचा अंत झाला असे सामान्यतः धरितात.

ह्या मुलखाचे पुढे पुष्कळ झाले. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, मागोमाग औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. इंद्रायणीचे पाणी आता तुकोबांच्या वेळचे राहिलेले नाही. घोराडेश्वरावर मात्र पहाटे माणसे चढताना दिसतात. रात्रपाळी संपवून आलेलेही त्यांत असतील.

तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. तो मुलगा नारायण. बापाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. त्यानेच १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी काढून पायी पंढरीस नेण्याची रीत घातली. दर ज्येष्ठात ती देहूहून निघते, आणि कारखान्यांच्या भिंतींमधून वाट काढीत दुसऱ्या मुक्कामास आकुर्डीस उतरते.