चक्र पुरे करणारे भास्कराचार्य

जबलपूरलगतच्या त्रिपुरीत, म्हणजे आजच्या तेवर गावी, कलचुरी राजे राज्य करीत होते, त्याच शतकात सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडवीड या गावच्या एका ज्योतिषी घराण्यात इ. स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती त्यांची कन्या होती व तिचा विवाह हुकला, ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. खुद्द आचार्यांच्या ग्रंथात ती नाही.

त्यांच्या बीजगणितातील एक प्रश्न वाचकांनी अवश्य पाहावा. असा कोणता वर्ग आहे की त्यास ६१ ने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा? ६१ ऐवजी ६० घेतले तर काम सोपे आहे: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळविता ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठीही ८ व ६३ या लहान संख्या पुरतात. मग ६१ चेच काय बिघडले?

उत्तर वर्गमुळात दडलेले आहे. ६१ चे वर्गमूळ सात व काही अंश. तो अंश उलटा करून पूर्णांक काढावा, उरलेला अंश पुन्हा उलटा करावा, असे करीत गेल्यास १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ असे अकरा अंक येतात व मग तीच माळ अखंड फिरत राहते. ६० व ६२ यांची माळ मात्र चारच अंकांची. माळ लांब, म्हणून उत्तरही प्रचंड.

भास्कराचार्यांनी हे ‘चक्रवाल’ रीतीने सोडविले. ८ चा वर्ग ६१ हून तीनने अधिक, येथून आरंभ करून पुढच्याच पायरीस ते ५ व ३९ या संख्यांपर्यंत येतात. तेथे फरक उणे चार उरतो. मग ब्रह्मगुप्तांच्या नियमाने संख्यांचा मेळ घालीत ते उत्तर गाठतात: २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० आणि १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९. याहून लहान उत्तर नाही.

१६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला. तो पाच शतकांपूर्वीच सुटला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ऑयलर यांनी चुकून या समीकरणास पेल यांचे नाव दिले व तेच रूढ झाले. अशी माळ नेहमी परत फिरतेच व उत्तर नेहमी मिळतेच, हे मात्र लाग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. आचार्यांनी वाट चालून दाखविली. ती कधीच अडत नाही याचा पुरावा त्यांच्या ग्रंथात नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या, तरच न्याय होतो.

शिवाय चक्रवालाचे सारे श्रेय त्यांचे एकट्याचे नव्हे. जयदेव नामक गणितज्ञास ही रीत त्यापूर्वीच अवगत होती, हे १०७३ च्या एका टीकेवरून दिसते. स्वतः आचार्यांनीही हे नाव पूर्वसूरींचे म्हणूनच नोंदविले आहे. एवढी बुद्धी असूनही पूर्वजांचे ऋण न लपविणे, हा त्यांचा मोठेपणा.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. पुढे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. १२०७ च्या त्याच्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १८१७ मध्ये कोलब्रुक यांच्या इंग्रजी भाषांतराने बीजगणित युरोपात पोहोचले. पित्याकडून घेतले, परिश्रमाने वाढविले व पुढील पिढीच्या हाती सोपविले; विद्येचे चक्र असेच पुरे होते.