कारवानी कुत्रा आणि नामदेवराय

आजचा श्लोक गीतेतला, अध्याय ५, श्लोक १८. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने बघतो.

आमच्या पळसदेवकडे लांब तोंडाचा, सडपातळ, सुसाट पळणारा कारवानी कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा. कारवान म्हणजे वाटसरूंचा तांडा. तांड्याचा तो कारवानी. कर्नाटकात यालाच मुधोळ गावावरून मुधोळ हाउंड म्हणतात. पण आपल्याकडच्या नावात ना गाव, ना मालक. नुसती वाट!

नामदेवरायही वाटेवरचेच. जन्म १२७० चा, घर शिंप्याचं, वेड विठ्ठलाचं. ज्ञानोबा माउलींबरोबर तीर्थयात्रा केली, पुढे पार पंजाबात घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. १३५० मध्ये देह ठेवला, आणि पंढरीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे, जिथे आपण आधी टेकतो.

त्यांची ती कथा तर लहानपणीच ऐकलेली असते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि हे मागे धावले. काठी घेऊन नाही हं, तुपाची वाटी घेऊन! बिचारा कोरडी खाईल म्हणून.

आपण पिल्लू घरी आणताना आधी ब्रीड विचारतो. कथेत त्या कुत्र्याची जात आलेलीच नाही. नामदेवराय विचारायला थांबलेच कुठे?