कै. खाशाबा जाधव आणि त्यांचे गुरुजन

कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ साली खाशाबांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढला व सहावा आला. तेथे रीस गार्डनर यांनी त्यांना तयार केले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकून त्या विश्वासाचे चीज केले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. शिरोलीच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या मुलांनाही असे पारखी गुरुजन लाभोत!