महामहोपाध्याय गणपतिशास्त्री आणि भासाची हरवलेली नाटके

संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस महामहोपाध्याय त. गणपतिशास्त्री हे नाव नवे नाही. स्वप्नवासवदत्त किंवा ऊरुभंग हाती घेणारा प्रत्येक विद्यार्थी, जाणून वा न जाणता, त्यांचा ऋणी असतो. तथापि ही नाटके ज्यांच्या जिव्हाग्री आहेत अशांपैकीही पुष्कळांना, ती मुद्रित होण्यापूर्वी कोठे होती, याची कल्पना नसते. ती एका मठात होती. म्हणून मठाच्या या वर्धापनग्रंथात शास्त्रीजींचे चरित्र सांगणे अनुचित होणार नाही असे वाटते.

गणपतिशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८६० मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील तरुवै या अग्रहारात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे शास्त्राध्ययन करून ते त्रावणकोर संस्थानात आले, आणि त्यांचे उर्वरित सर्व आयुष्य तिरुवनंतपुरम् येथेच गेले. तेथील संस्कृत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले व पुढे त्याचे प्राचार्यपद भूषविले. भारतवर्षाचा इतिहास संस्कृत गद्यात सांगणारा भारतानुवर्णन हा ग्रंथ त्यांनी लिहिला. एवढेच कार्य करून ते थांबले असते, तरी दक्षिणेतील एक व्युत्पन्न वैयाकरण व उत्तम गद्यकार म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांचे खरे कार्य पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू झाले.

त्रावणकोरचे महाराज श्रीमूलम् तिरुनाळ यांच्या कारकीर्दीत, इ. स. १९०८ मध्ये, हस्तलिखित संस्कृत ग्रंथांच्या शोधासाठी व प्रकाशनासाठी एक स्वतंत्र खाते स्थापन झाले आणि त्याचे आधिपत्य शास्त्रीजींकडे आले. अनंतशयन संस्कृत ग्रंथावलीचा आरंभ त्यापूर्वीच, इ. स. १९०५ मध्ये, त्यांच्याच संपादनाने झाला होता. आता राजाश्रयही मिळाला. शास्त्रीजी गावोगाव हिंडू लागले.

हे हिंडणे म्हणजे काय, हे पोथ्या हाताळणाऱ्यांसच कळेल. केरळातील पोथी कागदाची नसते. ताडाची पाने उकळून, वाळवून, घोटून घेतात. लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षरे कोरतात. मग काजळ चोळले की ती कोरीव अक्षरे काळी होऊन उठून दिसतात. पानांना छिद्र पाडून दोरा ओवायचा व दोन फळ्यांमध्ये पोथी बांधायची. असे पान त्या दमट हवेत तीनशे-चारशे वर्षे टिकले तर पुष्कळ झाले. वाळवी, कसर आणि ओल यांच्यापासून पोथी वाचवण्याचा उपाय एकच, तो म्हणजे वेळेवर तिची नवी प्रत करणे. ज्या पोथीची प्रत करणारा मिळाला नाही तिचे आयुष्य तेथेच संपते, आणि ती संपल्याचे कोणाला कळतही नाही.

भासाच्या ग्रंथांचे असेच झाले असावे, अशी सर्वांची समजूत होती. कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या आरंभी ज्या पूर्वसूरींची नावे आदराने घेतली त्यांत भास आहे. बाणभट्टाने हर्षचरितात त्याच्या नाटकांची कीर्ती सांगितली. भासाची नाटके परीक्षेसाठी अग्नीत टाकली असता स्वप्नवासवदत्ताला अग्नीने जाळले नाही, अशी आख्यायिका राजशेखराच्या नावावर चालत आलेली आहे. वाक्पतिराजाने तर भासाला अग्नीचा मित्रच म्हटले. एवढे सगळे त्याच्याविषयी बोलून गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या कवीचे एक संपूर्ण नाटकही पंडितांपुढे नव्हते. सुभाषितसंग्रहांतील काही सुटे श्लोक तेवढे त्याच्या नावावर उरले होते.

इ. स. १९०९ मध्ये शास्त्रीजी दक्षिण त्रावणकोरच्या दौऱ्यावर पद्मनाभपुरास गेले. हे त्या राज्याचे जुने राजधानीचे नगर. तेथील काष्ठमय राजवाडा आजही प्रसिद्ध आहे, इ. स. १९५६ पासून हा प्रदेश तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात मोडतो. त्या नगराजवळच्या मणलिक्करै मठात त्यांना एक ताडपत्रांची पोथी मिळाली. (केरळात ब्राह्मणांच्या घरासही मठ म्हणण्याची चाल आहे, हे येथे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) शंभराहून थोडी अधिक पाने, जुनी मल्याळम् लिपी आणि सुमारे तीनशे वर्षांचे वय. उलगडून पाहता तिच्यात दहा संपूर्ण नाटके निघाली. अकराव्याचा केवळ आरंभ होता, पुढची पाने नव्हती. पुढे कडुतुरुत्तीजवळच्या कैलासपुरम् येथील एका पिषारोडी ज्योतिष्याकडून अभिषेक व प्रतिमा ही दोन नाटके मिळाली. अकरावेही अन्यत्र पूर्ण सापडले. अशी तेरा नाटके झाली.

आता या प्रसंगातील अवघड भाग सांगतो. त्या तेरा नाटकांपैकी एकातही कवीचे नाव नव्हते. पोथीच्या शेवटी नाटकाचे नाव येई, कर्त्याचे नाही. ज्यांच्याकडे पोथी होती त्यांनाही ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने अज्ञातकर्तृक रूपके अशी नोंद करून पोथी कपाटात ठेवली असती, आणि त्यात त्याला कोणी दोषही दिला नसता.

शास्त्रीजींनी तसे केले नाही. त्यांनी नाटके पुनःपुन्हा वाचली. इतर नाटकांत प्रथम नांदीचा श्लोक येतो व नंतर सूत्रधार प्रवेश करतो. येथे नांदी संपल्याची सूचना पहिलीच, आणि सूत्रधाराचा प्रवेश होऊन मग मंगलश्लोक. ज्या भागाला इतरत्र प्रस्तावना म्हणतात त्याला येथे स्थापना म्हटले आहे. पाणिनीच्या नियमांत न बसणारे प्रयोग जागोजाग आहेत. अनेक नाटकांच्या अखेरची प्रार्थना जवळजवळ एकाच साच्याची आहे. यावरून ही सर्व एकाच हातची असावीत असे त्यांनी ठरविले. बाणाने भासाच्या नाटकांचे जे वर्णन केले त्यात ती सूत्रधारापासून आरंभ होतात असा उल्लेख आहे. आणि तेरांपैकी एक प्रत्यक्ष स्वप्नवासवदत्तच होते, जे भासाचे म्हणून परंपरेने निश्चित मानले होते. एक भासाचे, तर सर्व भासाची, असा त्यांचा अनुमानमार्ग होता.

इ. स. १९१२ मध्ये अनंतशयन ग्रंथावलीतून स्वप्नवासवदत्त प्रसिद्ध झाले आणि इ. स. १९१५ पर्यंत प्रतिमा नाटकासह सर्व तेरा नाटके लोकांपुढे आली. कवीचे नाव भास असे स्पष्ट छापलेले होते.

त्या काळच्या विद्वानांत केवढी खळबळ उडाली असेल! लाक्षागृहासारख्या खोट्या आगीत वासवदत्ता जळाली असे वत्सराज उदयनाला भासविले जाते, आणि ती मात्र पद्मावतीच्या घरी ठेव म्हणून अनोळखी वेषात राहते, असे त्या नाटकाचे कथानक आहे. नाटकाची स्वतःची गतही नेमकी तीच झाली होती, हे पाहून मौज वाटते.

परंतु सर्वांनीच मान डोलावली असे मात्र नाही. बार्नेट या आंग्ल पंडिताने ही नाटके भासाची नव्हेत, दाक्षिणात्य राजसभेतील पुष्कळ अलीकडची आहेत, असे प्रतिपादिले. आपल्याकडेही रंगाचार्य रड्डी आणि पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी विविधज्ञानविस्तारात शंका उपस्थित केल्या. त्या शंका क्षुल्लक नव्हत्या. सुभाषितसंग्रहांतील भासाचे बहुतेक श्लोक या नाटकांत आढळत नाहीत. अभिनवगुप्ताने स्वप्नवासवदत्तातील म्हणून दिलेला श्लोकही छापलेल्या प्रतीत नाही. शास्त्रीजी भासाला पाणिनी आणि चाणक्य यांच्याही मागे नेऊ पाहत होते. ते तर त्यांच्या बाजूच्या पंडितांनाही मानवले नाही. चारुदत्त चार अंकांवर थांबते आणि मृच्छकटिकाशी त्याचे इतके साम्य आहे की कोणी कोणापासून घेतले, यावर दोन पक्ष झाले.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही की प्रतिपक्षाच्या हाती एक महत्त्वाचे साधन शास्त्रीजींनीच दिले. इ. स. १९१७ मध्ये त्यांनी कांचीच्या पल्लव राजा महेंद्रवर्म्याचे मत्तविलास प्रहसन प्रसिद्ध केले. या सातव्या शतकातील प्रहसनाचा आरंभही तसाच, सूत्रधाराच्या प्रवेशाने होतो. मग ती पद्धती भासाचे वैशिष्ट्य कशी, असा प्रश्न साहजिकच आला. आपल्या सिद्धांताला बाधा आणणारा ग्रंथ हाती आला असता तोही यथामूल छापून लोकांपुढे ठेवणारा हा पुरुष होता. माझ्या मते शास्त्रीजींचे मोठेपण भासाच्या शोधाइतकेच येथेही दिसते.

वादातील तिसरा पक्ष केरळातून उठला. ए. के. पिषारोटी व के. आर. पिषारोटी यांनी असे दाखवून दिले की ही नाटके केरळात मुळी लुप्तच नव्हती. देवालयांच्या कूत्तंबलम् नामक नाट्यमंडपांत चाक्यार मंडळी कूडियाट्टम् ही जी संस्कृत नाट्यपरंपरा चालवितात, तिच्यात या नाटकांचे सुटे अंक पिढ्यान्‌पिढ्या होत आले होते. प्रतिज्ञायौगंधरायणाचा तिसरा अंक मंत्रांक या नावाने कित्येक दिवस चालतो. अभिषेक नाटकातील वालिवध आणि तोरणयुद्ध यांचेही प्रयोग होतात. त्यावरून त्यांनी ही नाटके चाक्यारांनीच रंगभूमीसाठी सिद्ध केली असे अनुमान काढले. ते सर्वांस मान्य झाले नाही. परंतु त्यांनी पुढे मांडलेली वस्तुस्थिती निर्विवाद आहे. काशी, पुणे, कलिकाता येथील पंडित ज्या ग्रंथांना अग्नीत गेले समजत होते ते केरळातील देवळात दिव्याच्या उजेडात दरवर्षी बोलले जात होते. हरवले होते ते कवीचे नाव. इ. स. २००१ मध्ये युनेस्कोने कूडियाट्टम् ही मानवजातीची अमूर्त ठेव म्हणून घोषित केली.

वाद अद्यापि पूर्ण मिटलेला नाही. पुण्याचे चिं. रा. देवधर यांनी नाटकांच्या कर्तृत्वाविषयी साशंक राहूनही तेराही नाटकांची एकत्र आवृत्ती सिद्ध केली, अ. द. पुसाळकर यांनी भासाचा पक्ष घेऊन मोठा प्रबंध लिहिला. प्रस्तुत लेखकास असे वाटते की स्वप्नवासवदत्त, प्रतिज्ञा आणि ऊरुभंग यांच्या मुळाशी एक थोर प्राचीन कवी आहे. तेरांच्या तेरा त्याच रूपात त्याची आहेत असे म्हणण्याचे धैर्य मात्र होत नाही.

शास्त्रीजींच्या इतर कार्याचा विस्तार येथे करता येत नाही. ग्रंथावलीचे ऐंशीहून अधिक ग्रंथांक त्यांनी एकट्याने संपादिले. मयमत, शिल्परत्न, तंत्रसमुच्चय, ईशानशिवगुरुदेवपद्धती असे शिल्प व तंत्र यांचे ग्रंथ त्यांत आहेत. पद्मनाभपुराजवळच मिळालेला आर्यमंजुश्रीमूलकल्प हा बौद्धांचा ग्रंथ; तो वैदिकांच्या घरी जतन झाला आणि एका स्मार्त शास्त्र्याने तीन भागांत छापला. त्याच्या आधारे काशीप्रसाद जायसवाल यांनी इ. स. १९३४ मध्ये प्राचीन राजवंशांचा इतिहास लिहिला. वडोदऱ्याच्या वाचकांना हेही आठवत असेल की धारच्या भोजराजाचा समरांगणसूत्रधार गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इ. स. १९२४-२५ मध्ये त्यांनीच संपादून दिला. त्याच सुमारास कौटिलीय अर्थशास्त्र श्रीमूला या स्वतःच्या टीकेसह तीन भागांत बाहेर आले. अर्थशास्त्राची पोथी प्रथम म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना मिळाली होती व त्यांनी ती इ. स. १९०९ मध्ये छापली. परंतु कित्येक दुर्बोध स्थळे गणपतिशास्त्र्यांनी एका जुन्या मल्याळम् भाषाटीकेच्या साहाय्याने लावली. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

इ. स. १९२६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा देहान्त झाला. त्यांनी उभा केलेला संग्रह पुढे वाढत गेला आणि आज तो केरळ विद्यापीठाच्या हस्तलिखित ग्रंथालयात आहे.

आमच्या पाठशाळेत मुलांचा नाटकाचा पाठ कर्णभारापासून सुरू होतो, कारण त्याची भाषा सोपी व नाटक एकाच अंकाचे. पहिल्या दिवशी मुले वहीच्या शिरोभागी नाटकाचे नाव लिहितात आणि त्याखाली कवीचे. तेव्हा आमचे गुरुजी त्यांना क्षणभर थांबवतात, मूळ पोथीत ही दुसरी ओळ नव्हती एवढे सांगतात, आणि मग ती लिहू देतात.