पॉलशिवायचा जॉन

कॉलेजच्या बँडमध्ये पहिलं खरं भांडण कशावरून होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गाणं कुणाचं, यावरून. चाल तुझी असेल, पण शब्द माझे होते ना, मग माझं नाव मागे का, वगैरे. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी विशीच्या आतच यावर तोडगा काढून ठेवला होता. गाणं कुणीही लिहिलेलं असो, खाली नावं दोघांची. लेनन-मॅकार्टनी. या जोडनावाने सुमारे १८० गाणी बाहेर आली. त्यातली कितीतरी एकट्याची होती. 'यस्टरडे' पूर्णपणे पॉलचं, तरी त्यावर जॉनचं नाव आहेच, आणि तेही आधी.

'बीटल्स' कसे झाले ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असते. पुढची कमी जण सांगतात. जोडनावातला जॉन एकटा पडला, तेव्हा त्याने काय लिहिलं?

आधी थोडं मागे जाऊ. जॉनचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० चा, लिव्हरपूलचा. वडील जहाजावर, घरी जवळजवळ नाहीतच. तो वाढला मिमीमावशीकडे. आई ज्युलिया जवळच राहायची. तिने त्याला बँजोवर सूर धरायला शिकवलं. ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत जॉनचा ग्रुप वाजवत होता. तिथे एका मित्राने पंधरा वर्षांच्या पॉलला आणलं. पॉलने गिटार सुरात लावून दाखवली, एक अख्खं गाणं न अडखळता म्हटलं, आणि काही दिवसांत तो ग्रुपमध्ये आला. पॉलची आई आदल्याच वर्षी गेली होती. पुढच्या वर्षी मोटारीच्या धडकेत ज्युलिया गेली. दोघांनी यावर फार बोलणं केलं नाही म्हणतात, पण आई नसलेली ती दोन पोरं एकमेकांसमोर बसून गाणी लिहीत होती, हे विसरू नका. पुढे लागेल.

त्यांचं काम कसं चालायचं? एक जण अर्धं गाणं घेऊन यायचा, दुसरा त्याला टोकायचा. पॉलने लिहावं की सगळं सुधारत चाललंय, जॉनने खाली तिरकस ओळ जोडावी की याहून वाईट होणारच काय! जॉनने बातम्यांवरून उदास गाणं सुरू करावं आणि पॉलने त्याच्या मधोमध सकाळी उठून बस पकडणारा माणूस आणून बसवावा. दोघंही एकमेकांचे कडक परीक्षक. जॉन म्हणजे विचारवंत आणि पॉल म्हणजे नुसता गोडवा, ही वाटणी मला तरी कधी पटली नाही. 'हेल्टर स्केल्टर'चा कानठळ्या बसवणारा गोंधळ पॉलचा आहे आणि 'ज्युलिया'सारखं हळुवार गाणं जॉनचं.

१९६६ नंतर बीटल्सचे दौरे थांबले. १९६७ मध्ये मॅनेजर ब्रायन एपस्टाईन वारला. १९६८ मध्ये चौघं हृषीकेशला जाऊन ढीगभर गाणी घेऊन आले, पण आता बहुतेक ज्याची त्याची. १९६९ च्या मार्चमध्ये दोघांची लग्नं आठ दिवसांच्या अंतराने झाली. पॉलचं लिंडा ईस्टमनशी, जॉनचं योको ओनोशी. आणि मग पैशांवरून बिनसलं. धंदा कुणी सांभाळायचा? जॉन, जॉर्ज आणि रिंगोला ॲलन क्लाइन हवा होता. पॉलला आपले सासरे आणि मेहुणा, दोघंही वकील.

याच दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. १४ एप्रिल १९६९. जॉनने स्वतःच्या लग्नाच्या धावपळीवर गाणं लिहिलं होतं आणि त्याला ते लगेच रेकॉर्ड करायचं होतं. जॉर्ज आणि रिंगो हाताशी नव्हते. क्लाइनवरून दोघांत वाजलेलं असतानाही पॉल स्टुडिओत आला, ड्रमवर बसला, बास आणि पियानोही त्यानेच वाजवला. एका दिवसात गाणं तयार. योकोमुळे बँड फुटला असं आजही छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

त्याच सप्टेंबरमध्ये जॉनने मी चाललो असं बाकीच्यांना आतल्या आत सांगितलं. जगाला मात्र ते कळलं एप्रिल १९७० मध्ये, पॉलच्या तोंडून. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पॉलने भागीदारी मोडण्यासाठी बाकी तिघांवर लंडनच्या कोर्टात दावा ठोकला.

त्याच डिसेंबरमध्ये जॉनचा अल्बम आला. जेमतेम तीन-चार वाद्यं, सुरुवातीला घंटेचे टोल, आणि मग आईवडिलांना मारलेल्या हाका, पार किंचाळण्यापर्यंत. एका गाण्यात तो आपला कशाकशावर विश्वास नाही याची यादी वाचतो आणि शेवटी बीटल्सचंही नाव घेतो. तिथे टोकायला पॉल असता तर हे इतकं उघडंवाघडं राहिलं नसतं. बरं झालं तो नव्हता, असं हा अल्बम ऐकताना वाटतं. १९७२ चा न्यूयॉर्कवरचा अल्बम ऐकताना नेमकं उलटं वाटतं. सगळ्या घोषणा, चाल कुठे हरवली कळत नाही. तो आपटलाही.

तिकडे पॉल दुसऱ्याच वाटेने गेला. स्कॉटलंडचं शेत, बायको-मुलं, घरगुती गाणी. त्याने 'विंग्ज' नावाचा बँड काढला आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये व्हॅनमध्ये सामान टाकून न सांगता नॉटिंगहॅम विद्यापीठात जाऊन थडकला. विचार करा, तुमच्या कॉलेजात उद्या दुपारी असा माणूस येऊन विचारतोय, हॉल रिकामा आहे का! बीटल्सचं एकही गाणं न वाजवता त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे धाडस जॉनने कधी केलं नाही.

आणि तरी दोघं एकमेकांनाच ऐकवत होते. १९७१ च्या 'रॅम'मध्ये पॉलने जॉनच्या उपदेशांना चिमटा काढला. जॉनने त्याच वर्षी 'इमॅजिन'वर पॉलला सोलून काढणारं अख्खं गाणं टाकलं, त्यात जॉर्जने गिटार वाजवली. वर अल्बमसोबत एक पोस्टकार्ड. 'रॅम'च्या मुखपृष्ठावर पॉलने मेंढ्याची शिंगं धरलीत, म्हणून यावर जॉनने डुकराचे कान धरलेत! जगभर शांततेचं गाणं म्हणून वाजणारं 'इमॅजिन' आणि ही खुन्नस एकाच तबकडीवर आहेत.

पुढची वर्षं जॉनला ओढून नेणारी होती. अमेरिकेतून हाकलून देण्याची सरकारी खटपट, योकोपासून दीड वर्ष दूर राहणं, दारू. १९७४ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात पॉल अचानक त्याच्या स्टुडिओत आला आणि दोघं शेवटचं एकत्र वाजले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण अगदीच भिकार आहे, शोधून ऐकण्याच्या फंदात पडू नका. पुढच्या वर्षी जॉनच्याच वाढदिवशी मुलगा शॉन जन्मला. मग पाच वर्षं जॉन घरी. पाव भाजायचा, पोराला सांभाळायचा. पॉलच्या घरगुतीपणाची टिंगल करणारा हाच तो.

२४ एप्रिल १९७६ ला टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात बीटल्सना एकत्र येण्यासाठी चक्क तीन हजार डॉलर देऊ केले. गंमत अशी, की जॉन आणि पॉल त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये जॉनच्याच घरी बसून हे बघत होते. टॅक्सी करून स्टुडिओत जाऊन धडकायचं का, असं त्यांचं चाललंही होतं. मग कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी पॉल गिटार घेऊन पुन्हा दारात. दिवसभर बाळामागे दमलेल्या जॉनने त्याला आधी फोन करत जा म्हणून परत पाठवलं. हे जॉननेच नंतर मुलाखतीत सांगितलंय.

१९८० मध्ये पॉलचं 'कमिंग अप' रेडिओवर वाजू लागलं. ते ऐकून जॉनला पुन्हा चुरस चढली, असं त्याच्या जवळची माणसं सांगतात. नोव्हेंबरमध्ये त्याचा नवा अल्बम आला. ८ डिसेंबरला घराच्या दारातच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो चाळीस वर्षांचा होता. पॉलच्या आठवणीप्रमाणे त्यांचं फोनवरचं शेवटचं बोलणं चांगलं झालं होतं. विषय होता पाव भाजण्याचा.

घरच्या पियानोवर सत्तरच्या दशकात जॉनने टेप केलेलं एक अर्धवट गाणं योकोने १९९४ मध्ये पॉलकडे दिलं. पियानोच्या आवाजातून जॉनचा गळा वेगळा काढायला पुढे जवळपास तीस वर्षं गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' आलं, तेव्हा टेपवरचा जॉन चाळिशीच्या आतला होता आणि त्याच्यामागे सूर धरणारा पॉल ८१ वर्षांचा.